भायलीतील सोसायटीचे जड पाणी : सॉफ्टनर बसवावा की नाही?

भायलीकर

नमस्कार. वडोदऱ्यातील भायलीच्या आमच्या सोसायटीत साठ सदनिका आहेत. गाव २०२० मध्ये महानगरपालिकेच्या हद्दीत आले, परंतु पालिकेच्या पाण्याची जोडणी आम्हांला गेल्या वर्षी मिळाली आणि ते पाणीही दिवसातून जेमतेम तासभर येते. उरलेली गरज बोअर भागवतो, उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात, आणि ही तिन्ही पाणी एकाच भूमिगत टाकीत एकत्र होऊन वर चढतात. नळांच्या जाळ्या पांढऱ्या थराने बुजतात, गिझरचे कॉइल दोन वर्षांत बदलावे लागते आणि तुरीची डाळ कुकरच्या पाच शिट्ट्या होऊनही अखंड राहते.

मागील आठवड्यात एका विक्रेत्याने येऊन टाकीत टी.डी.एस. (विरघळलेले एकूण क्षार) मीटर बुडवले, ८४० हा आकडा सर्वांना दाखवला आणि सॉफ्टनर (जड पाणी हलके करणारे यंत्र) बसवल्यास तो निम्म्यावर येईल, असे सांगून सव्वातीन लाखांचे दरपत्रक दिले. पुढील महिन्याच्या सर्वसाधारण सभेत यावर निर्णय व्हायचा आहे. काही सभासदांचे म्हणणे असे की, हे पाणी प्यायल्यानेच मुतखडे होतात, म्हणून खर्चाचा विचार करू नये. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त रसायनशिक्षिका, मांजलपूर

विक्रेत्याचे ते एक वाक्यच दरपत्रक बाजूला ठेवायला पुरेसे आहे. टी.डी.एस. मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून त्यावरून विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देते. त्यांतील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम किती, म्हणजेच पाणी किती जड आहे, हे त्याला कळत नाही. सॉफ्टनरमधील रेझिन, म्हणजे राळेचे बारीक मणी, कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवते आणि त्यांच्या जागी सोडियम सोडते. हिशेब असा की २० मिलिग्रॅम कॅल्शियम गेले की २३ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येते. म्हणजे सॉफ्टनर उत्तम चालला तरी मीटरवरचा आकडा निम्मा होणे दूरच, तो किंचित वाढेल. (आम्ही शाळेत 'दुष्फेन' आणि 'सुफेन' पाणी असे शब्द शिकवत असू. मुलांना ते पाठ होत, पण घरी नळाखाली साबणाला फेस का येत नाही, हे त्याच मुलांना विचारले तर ती गप्प बसत.)

आपल्याकडे जमिनीतील पाणी जड असण्यात नवल नाही. मही, विश्वामित्री आणि ढाढर या नद्यांच्या गाळाच्या मैदानात चुनखडीचे कंकर जागोजागी सापडतात आणि मुरणारे पाणी त्यांतून कॅल्शियम घेत खाली जाते. पालिकेचे पाणी मात्र मुख्यतः महीच्या पात्रातील फ्रेंच विहिरींचे (नदीपात्राच्या वाळूतून पाझरणारे पाणी ओढणाऱ्या विहिरींचे) आणि सयाजीरावांच्या काळात बांधलेल्या आजवा सरोवराचे असल्यामुळे ते पुष्कळ हलके असते.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आय.एस. १०५०० मध्ये, एकूण कठीणपणाची (जडपणाची) स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. विरघळलेल्या क्षारांसाठी हेच आकडे ५०० आणि २००० आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणाने कोणतीही मर्यादा घातलेली नाही. मुतखड्याचे खापर जड पाण्यावर फोडण्याइतका पुरावा नाही. आपल्या हवेत पाणी कमी पिणे हे त्याचे अधिक सबळ कारण आहे. डाळीची तक्रार मात्र खरी आहे, कारण कॅल्शियम डाळीच्या पेशींमधील पेक्टिनला घट्ट बांधून टाकते. डाळीपुरते आर.ओ.चे (बारीक पडद्यातून क्षार गाळणाऱ्या घरगुती यंत्राचे) पाणी वापरा. ते नसेल तर पाणी आधी उकळून, खाली साका बसू देऊन, वरचे निवळ घ्या. बायकार्बोनेटमुळे आलेला कठीणपणा त्याने बराचसा उतरतो, सल्फेट आणि क्लोराइडमुळे आलेला उतरत नाही.

माझी विनंती एवढीच की, बोअर, पालिका आणि टँकर यांचे नमुने वेगवेगळे घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. मिसळलेल्या टाकीच्या नमुन्यावरून दोष कोणत्या पाण्याचा, ते समजत नाही. कठीणपणाबरोबर नायट्रेट, फ्लोराइड आणि कोलिफॉर्म (मैल्याच्या दूषिततेची खूण मानले जाणारे जिवाणू) यांची तपासणी अवश्य करून घ्या.

एक सचिव, गोत्री

ताईंनी रसायनशास्त्र सांगितले, मी हिशेबवहीतले सांगतो. आमच्या अठ्ठेचाळीस घरांसाठी आम्ही तीन वर्षांपूर्वी सॉफ्टनर बसवला. रोज २५,००० लिटर पाणी आणि कठीणपणा सुमारे ५००. म्हणजे दररोज साडेबारा किलो क्षार काढायचे. रेझिनमध्ये पुन्हा सोडियम भरायला ते मिठाच्या पाण्याने धुवावे लागते; पुस्तकी हिशेबाने त्याला साडेचौदा किलो मीठ पुरते, प्रत्यक्षात रेझिन नीट धुऊन निघण्यासाठी त्याच्या दुप्पट लागते. महिन्याला पाऊण ते एक टन मीठ! दरपत्रकात याचा उल्लेख "नाममात्र देखभाल" असा होता. पहिले चार महिने सर्वांनी कौतुक केले, नंतर पहारेकरी मीठ टाकायला विसरू लागला आणि आता वर्षभर यंत्राचा बायपास उघडाच आहे, म्हणजे पाणी यंत्राला वळसा घालून जाते.

याहून मोठी चूक म्हणजे रेझिन धुतल्यावर निघणारे खारे पाणी आम्ही शोषखड्ड्यात सोडत होतो. मालकीच्या बोअरपासून वीस पावलांवर मीठ मुरवायचे आणि त्याच बोअरचे पाणी पुन्हा हलके करायला मीठ विकत घ्यायचे, हा उद्योग आम्ही पैसे देऊन केला. बागेतील चिकण मातीही सोडियममुळे घट्ट झाली आणि कडेचा मोगरा गेला.

जाळ्या आणि नळ साफ करण्यासाठी सायट्रिक अ‍ॅसिड पुरते. इथल्या किराणा दुकानात ते 'लींबुनां फूल' म्हणून मिळते. गिझरचे तापमान ५५ अंशांच्या आसपास ठेवल्यास थर हळू बसतो.

भायलीकर

दोघांचेही आभार. तिन्ही नमुन्यांचे अहवाल आज आले. कठीणपणा बोअरचा ५४०, टँकरचा ६१० आणि पालिकेच्या पाण्याचा १४० निघाला. कोलिफॉर्म टँकरच्या पाण्यात आढळले, इतर दोन्हींत नाही. परंतु बोअरमध्ये नायट्रेट ५८ आहे आणि त्यापुढे तांबडी खूण केलेली आहे. हे सॉफ्टनरने जाईल काय?

निवृत्त रसायनशिक्षिका, मांजलपूर

जाणार नाही. नेहमीचा सॉफ्टनर धनभारित आयन धरतो, नायट्रेट ऋणभारित असते. उकळूनही जात नाही. पाणी आटले की त्याचे प्रमाण उलट वाढते. नायट्रेटची मर्यादा ४५ आहे आणि कठीणपणाला आहे तशी मुभा मानकाने इथे ठेवलेली नाही. ज्या घरांत सहा महिन्यांखालील बाळाला वरचे दूध दिले जाते, त्यांना हे आजच कळवा, कारण बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता नायट्रेटमुळे घटू शकते. घरगुती आर.ओ. नायट्रेट बरेच कमी करतो, मात्र चव सुधारण्यासाठी कच्चे पाणी परत मिसळणारा स्क्रू त्यात असेल, तर तो बंद करून घ्यावा.

टँकरचे पाणी टाकीत पडते तेव्हा पालिकेच्या पाण्यातील उरलेसुरले क्लोरिनही तिथेच खर्च होते. मानकाप्रमाणे ते नळाशी किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवे. आपण तासभर मिळणारे चांगले पाणी दोन वाईट पाण्यांत ओतत आहात.

एक सचिव, गोत्री

मग प्रश्न सॉफ्टनरचा नसून नळजोडणीचा आहे. पालिकेचे पाणी तासाभरात किती येते, ते मोजले आहे काय? स्वयंपाकाला आणि पिण्याला माणशी २५ लिटर धरले तरी अडीचशे माणसांना सव्वासहा हजार लिटर पुरतात. तेवढे येत असेल, तर छतावर एक वेगळी टाकी आणि प्रत्येक स्वयंपाकघरात एक नळ, एवढेच काम करा. बाहेरून पाइप टाकावे लागतील, दर्शनी भिंत थोडी विद्रूप दिसेल आणि त्यावरून सभेत वाद होईल, तेवढी तयारी ठेवा. बोअरचे पाणी अंघोळ, फरशी आणि संडास यांना राहू द्या. नायट्रेट सांडपाण्याच्या शोषखड्ड्यातूनही येऊ शकते, म्हणून बोअरपासून त्याचे अंतरही एकदा टेप लावून पाहा.

भायलीकर

आज पहाटे बोअर बंद ठेवून भूमिगत टाकीची पातळी मोजली. पालिकेचे पाणी सुमारे ११,००० लिटर आले. शोषखड्डा बोअरपासून नऊ मीटरवर आहे. बिल्डरच्या नकाशात तो इमारतीच्या पलीकडच्या बाजूला दाखवलेला आहे. सॉफ्टनरचा विषय मागे घेऊन वेगळी टाकी आणि शोषखड्ड्याचे स्थलांतर, असे दोन विषय सभेपुढे ठेवत आहे. तळमजल्यावरील दोन घरांत तान्ही बाळे आहेत, त्यांना आजपासून पालिकेचे पाणी थेट जोडणीवरून भरून देण्यास सुरुवात केली आहे.