पुळणीवर वेडेलिया पसरलाय, तणनाशक मारू का?

माडाखाली: मंडळी, सल्ला हवाय. रत्नागिरीकडे आमची माडाची बाग आहे, पुढे लगेच पुळण. शेजारच्या होमस्टेवाल्याने शोभेला लावलेला वेडेलिया (पिवळ्या फुलांचा तो) कुंपणाखालून आला नि आता मर्यादवेलीवर (वाळू धरून ठेवणारी किनाऱ्यावरची वेल) चढलाय. मागे गडग्याला (दगडी कुंपणाला) रानमोडी, ते झुडपासारखं वाढणारं तण, आहेच. गडी म्हणतो ग्लायफोसेट मारूया, एका दिवसात काम. मारू?

सडेकर: अजिबात नको. 2022 पासून ग्लायफोसेट फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच मारायचं असा नियम आहे, आणि ते तण आणि मर्यादवेल यात फरक करत नाही, दोन्ही जातील.

कोकणी_बाणा: समुद्राचं पाणी ओता, फुकटात काम.

सडेकर: @कोकणी_बाणा अहो खारा वारा, खारी जमीन सोसतो म्हणून तर तो पुळणीवर टिकलाय!

पारय_कुदळ: ग्रासकटर तर मुळीच फिरवू नका, वेडेलिया पेरापेरातून मुळं धरतो, जितके तुकडे तितकी नवी झाडं. पाऊस पडून वाळू ओली असताना हाताने उपटायचा, मर्यादवेलीच्या बाजूने सुरुवात करून कुंपणाकडे सरकत जायचं, निघेल ते थेट गोणीत भरून कातळावर पसरून कडकडीत वाळवायचं, पऱ्यात (ओढ्यात) टाकलात तर खालच्या सगळ्यांना प्रसाद. महिन्याभरात राहिलेली पेरं फुटतात, तेव्हा परत एक फेरी लागतेच. जेसीबीचा विचारही नको, वाळूच्या टेकड्या सीआरझेडमध्ये (किनारा संरक्षणाच्या नियमांखालच्या पट्ट्यात) येतात.

रानमोडी श्रावण-भाद्रपदात माती मऊ असताना मुळासकट काढा. नुसती कोयत्याने तोडली किंवा जाळली तर बुंध्यातून परत फुटते. दिवाळीनंतर फुलली की बी वाऱ्यावर, मग गावभर. फुलायच्या आधी उपटलेली आंब्याच्या आळ्यात घातली तरी चालते.

माडाखाली: आणि मोकळ्या झालेल्या वाळूत सुरू लावू का? रोपं सहज मिळतात.

सडेकर: सुरूच्या काड्यांचा थर साचला की खाली फारसं काही उगवत नाही. मर्यादवेलीचे फाटे पावसात खोचा, रावणाच्या मिशा (वाळूतलं टोकदार गवत) लावा, वाळू तेच धरतात. तुमच्याकडे कासवं अंडी घालायला येत असतील तर नोव्हेंबरपासून मेपर्यंत पुळणीवर खणाखणी बंद.

माडाखाली: ओके, गड्याला थांबवतो. पण शेजाऱ्याचं काय?

पारय_कुदळ: त्याच्या कुंपणाच्या आतला निघाला नाही तर दरवर्षी हाच धंदा. भांडू नका, कापायचा-उपटायचा खर्च अर्धा उचलतो म्हणा आणि त्या जागी अबोली लावून द्या, पर्यटकांना फोटोला तीही चालते.