अनुभव धागा : मोबदला कशावर मिळतो आणि आपण कसे वागतो?

मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेत ए श्रेणी मिळाली की दहावीला ७ वाढीव गुण, बी असेल तर ५, सी असेल तर ३. हे गुण सुरू झाल्यापासून परीक्षेला बसणारी मुलं वाढली. रंगपेटी घ्यायला कुरकुरणारे पालक आता फॉर्म भरायला स्वतः येतात. याचा मला आनंदच आहे. पण स्मरणचित्राच्या पेपरचं काय झालं बघा. पाहिलेलं, मनात राहिलेलं कागदावर उतरवायचं, असा हा पेपर. आता क्लासमध्ये तीन-चार आकृत्या घोटून घेतात: डोक्यावर टोपली घेतलेली बाई, पाठमोरा छत्रीवाला, सायकल धरून उभा मुलगा. विषय बाजाराचा येवो की बसथांब्याचा, तीच बाई आणि तोच छत्रीवाला. वहीच्या मागच्या पानावर बैल काढत बसणारा एक मुलगा श्रेणी लागल्यावर मला म्हणाला, "सर, आता चित्रकला संपली ना?"

स्टॅनफर्डच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी केलेला प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांपैकी काहींना आधी सांगितलं, चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल. काही दिवसांनी मोकळ्या वेळात ही मुलं इतरांच्या निम्म्याच्या आसपासच वेळ चित्रं काढत होती. ज्यांना न सांगता, अचानक प्रमाणपत्र दिलं, त्यांची आवड मात्र तशीच राहिली. त्या मुलाचा प्रश्न आठवला की मला हा प्रयोग आठवतो.

तुमच्या कामात पैसे, गुण, दंड, टार्गेट कशावर ठरतात? त्याने तुमचं आणि आजूबाजूच्यांचं वागणं कसं बदललं? कंपन्या-संस्थांची नावं नकोत, घडलेलं सांगा.

पंचगंगाकाठ
गावच्या दूध संस्थेत मी बरीच वर्षं मापाला होतो. दर नुसता लिटरवर ठेवला तर दुधात पाणी येणारच, म्हणून तो फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) असतो. गाईच्या दुधाला फॅट ३.५ टक्के आणि एसएनएफ ८.५ टक्के धरतात, त्याच्या खाली गेलं की पैसे कापले जातात. त्यामुळे गोठ्यात सरकी पेंड आली, नुसत्या ओल्या चाऱ्यावर भागवणारे वाळली वैरणही घालू लागले. जनावरांची निगा सुधारली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पण धार काढायची रीतही बदलली. पहिल्या धारेचं दूध पातळ, शेवटच्या धारेत फॅट सगळ्यात जास्त. पूर्वी वासरू पान्हा फुटेपर्यंत पाजून बाजूला बांधायचे आणि शेवटचं दूध त्याच्यासाठी कासेत ठेवायचे. आता वासराला पहिलं पातळ दूध, आणि कास पिळून शेवटचा थेंब किटलीत. सांगायला गेलो तर म्हणायचे, "वासराला कुठं फॅट लागतंय?" त्याला लागतं, पण त्याची पावती निघत नाही.

एसएनएफ वाढवायला कुणी दुधात साखर घातली, म्हणून साखरेची चाचणी आली. एक चाचणी वाढली की थोड्या दिवसांत तिच्यावरचा उतारा निघतो.

रात्रपाळी
मी जेवण पोचवतो. ठरावीक ऑर्डरींचा टप्पा गाठला तर इन्सेंटिव्ह, एक ऑर्डर कमी पडली तर ते सगळंच बुडतं. पाऊस असो, अंगात ताप असो, शेवटच्या दोन ऑर्डरींना गाडी जोरात जाते. सिग्नल तोडणाऱ्या पोराला शिव्या घालण्याआधी त्याचा टप्पा किती बाकी आहे ते विचारा.

अंबाजोगाईकर
मी ऊसतोड कामगारांची मुलगी. आमच्याकडे कोयता म्हणजे नवराबायको मिळून एक. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घ्यायची आणि टनावर फेडायची. टनावर मजुरी असल्याने फडात लेकरंही मोळ्या उचलतात. एक दिवस बसलं की खाडा, म्हणजे दंड, तो उचलीवर चढतो. पाळीच्या दिवसांत, पोटात दुखत असताना, पहाटे कुडकुडत मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरायची. यातूनच गर्भपिशवी काढून टाकायची वाट निघाली. २०१९ मध्ये शासनाने बीड जिल्ह्यात पाहणी केली, तेव्हा ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. माझ्या चुलतीची तिशीच्या आतच काढली. ऑपरेशनचा खर्चही उचलीतूनच. खाडा नसता तर ती दवाखान्याची पायरी चढली नसती, हे तीच सांगते.

ओ निगेटिव्ह
रक्तदान शिबिरं भरवतो. पैसे घेऊन रक्त देणारे आजार लपवतात, त्यातून धोका वाढतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालामुळे १ जानेवारी १९९८ पासून तो प्रकार बंद झाला. मग भेटवस्तू आल्या: हेल्मेट, ट्रॉली बॅग. दोन रक्तदानांत पुरुषाने तीन महिने आणि बाईने चार महिने थांबायचं असतं. आमच्याकडे बॅगसाठी रांगेत उभ्या असलेल्या एकाच्या कोपराजवळ आधीच्या सुईचा डाग ताजा होता. कधी रक्त दिलं होतं विचारलं तर म्हणाला, "वर्ष झालं."

त्यानंतर आम्ही फक्त चहा, बिस्किटं आणि प्रमाणपत्र ठेवलं. पहिल्या वर्षी गर्दी निम्मीही नव्हती. पण जे आले ते पुन्हा आले, आणि थॅलेसेमियाच्या मुलासाठी अडीअडचणीला फोन केला तर यातलेच उठून येतात.

माणदेशी
सर, बक्षिसाने सगळीकडे वाटोळंच होतं असं नाही. वॉटर कप, म्हणजे पाणी अडवण्याच्या कामांची गावागावांतली स्पर्धा, २०१६ मध्ये वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाला, नंतर आमच्याकडे आला. ४५ दिवसांची स्पर्धा, लाखोंचं बक्षीस. एकमेकांच्या बांधावर न जाणारी भावकी एका सीसीटीवर (डोंगरउतारावर पाणी अडवायला खणलेला सलग समतल चर) घमेली देत होती. २०१८ ला आमच्याच तालुक्यातल्या टाकेवाडीने पहिला नंबर काढला. आमच्या गावाचा काहीच लागला नाही, तरी पाणी अडलं ते अडलंच. स्पर्धा संपल्यावर गाळ काढायला मोजकीच माणसं उरली, हेही खरं. पण ती मोजकी माणसं एकमेकांना सापडली ती त्या ४५ दिवसांतच.

दोघांची आई
आमच्या पाळणाघराने उशिरा नेणाऱ्यांना तासाचे पैसे लावले. आधी उशीर झाला की मावशींची माफी मागत धावायचे, नंतर पालक निवांत यायला लागले, पैसे भरतोय ना! इस्रायलमध्ये हैफाच्या पाळणाघरांत नेमकं हेच पाहिलं गेलं होतं: दंड लावल्यावर उशीर जवळपास दुप्पट झाला आणि दंड काढल्यावरही कमी झाला नाही. आमच्याकडेही पैसे बंद झाले, पण मावशी अजून सातपर्यंत बसतात.

उपकेंद्र
मी आरोग्यसेविका. उदयपूर जिल्ह्यातला एक प्रयोग २०१० मध्ये छापून आला होता. काहीच न केलेल्या गावांत ६ टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण झालं, नियमित शिबिर घेतलं तिथे १८ टक्के, आणि शिबिराबरोबर दर खेपेला किलोभर डाळ दिली तिथे ३९ टक्के. याला कुणी लाच म्हणतं, मला ते पटत नाही. लेकराला घेऊन यायचं तर आईचा रोज बुडतो, डाळीने तो थोडासा भरून निघतो.

आमच्याकडे डाळ नाही. पण पाड्यांवरच्या बायका आठवडी बाजाराला येतातच, म्हणून आम्ही बाजाराच्या वारीही एक सत्र ठेवलं. आता त्या भाजीची पिशवी बाकाखाली ठेवतात, बाळाला टोचून घेतात आणि कार्ड माझ्यासमोर धरून पुढची तारीख विचारतात.