'ग्लो' असलेल्या अमूर्त पार्श्वभूमीला मराठीत नेमके काय म्हणावे?

प्रश्न : पुण्यात छपाईसाठी मांडणीचे काम शिकणाऱ्या विद्यार्थ्यांकरिता मी मराठीतून टिपणे लिहीत आहे. फोटोशॉप किंवा गिंप ही चित्रे घडवण्याची सॉफ्टवेअर वापरून काळ्या पटावर प्रकाशाच्या लाटा, धूसर गोळे आणि उजेडाच्या रेषा काढतात आणि त्यांची पार्श्वभूमी पत्रिकेला किंवा दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाला देतात. या पसरत्या, मंद उजेडाला इंग्रजीत 'ग्लो' म्हणतात. अशा पार्श्वभूमीसाठी 'चमकदार', 'चकाकणारी', 'झगमगती' आणि 'तेजस्वी' हे शब्द सुचतात. यांपैकी कोणता योग्य, आणि 'ॲब्स्ट्रॅक्ट'साठी 'अमूर्त' चालेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : सुचलेल्या शब्दांपैकी पहिले दोन मी या कामासाठी बाजूला ठेवीन, कारण ते पृष्ठभागाचे शब्द आहेत. कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारलेले घंगाळ घासूनपुसून ठेवले की त्यावर जी येते ती चकाकी. ती बाहेरच्या उजेडावर अवलंबून असते आणि घंगाळाच्या काठाशी संपते. तकाकी, लकाकी आणि झिलई हे शब्दही याच कुळातले आहेत. पैठणीच्या जरीची झळाळीसुद्धा दिवा मालवला की उरत नाही. 'झगमग' या शब्दात उजेडाची चळवळ आहे, अनेक दिव्यांची लगबग आहे. स्थिर, मंद उजेडाला तो शोभत नाही. 'तेजस्वी' मात्र अर्थाने बरोबर असूनही मराठीत इतका माणसांच्या चेहऱ्याला आणि चारित्र्याला चिकटलेला आहे, की निळसर धुक्यासारख्या पटाला तो जड होतो.

शब्द निवडण्याआधी चित्रात काय घडते ते पाहावे. कलाकार आधी काळा थर घेतो, त्यावर एक उजळ रेषा किंवा ठिपका काढतो, त्या थराच्या प्रती करून प्रत्येक प्रत 'गॉसियन ब्लर' या धूसर करणाऱ्या साधनाने आधीच्यापेक्षा अधिक पसरवतो आणि या सगळ्या प्रती 'स्क्रीन' या मिश्रणरीतीने (ब्लेंडिंग मोडने) एकावर एक ठेवतो. या रीतीत काळ्याचा काहीच परिणाम होत नाही आणि कोणताही थर खालच्या थराला गडद करू शकत नाही. एकाच पडद्यावर दोन प्रोजेक्टरांचा प्रकाश पडावा तसा हा प्रकार आहे. परिणामी मध्यभाग जवळजवळ पांढरा होतो, रंग कडेच्या पसरटपणात दिसू लागतो आणि पुढे तो अंधारात विरत जातो. डोळ्याला 'ग्लो' जाणवतो तो या उतारामुळे. म्हणून जो शब्द घ्यायचा त्यात उगमही हवा आणि उगमापासून बाहेर पसरत जाणेही हवे.

हे दोन्ही 'प्रभा' या शब्दात आहे. 'प्रभा' आणि 'आभा' हे दोन्ही शब्द 'भा' म्हणजे प्रकाशणे या संस्कृत धातूपासून आलेले आहेत, पण मराठी कानाला 'प्रभा' उगमाकडून बाहेर जाणारी वाटते आणि 'आभा' वस्तूभोवती रेंगाळणारी, अधिक फिकी वाटते. म्हणून लेअर स्टाइलमधल्या (थराला तयार परिणाम देणाऱ्या मेनूतल्या) 'आउटर ग्लो' आणि 'इनर ग्लो' या दोन परिणामांना मी 'बाह्य प्रभा' आणि 'अंतःप्रभा' म्हणेन. संपूर्ण पटाचे विशेषण हवे असेल तेथे 'तेजाळ' घ्यावे : 'तेजाळ अमूर्त पार्श्वभूमी'. 'तेजस्वी'पेक्षा तो हलका आहे, आणि 'पट तेजाळतो' असे क्रियापदही त्यातून सहज मिळते, ही त्याची मोठी सोय आहे. दुकानात कोणी 'मागे जरा ग्लो मार' म्हणाले तर ते बोलण्यातले म्हणून चालू द्यावे. टिपणात मात्र पहिल्यांदा 'प्रभा' लिहून मेनूतले नाव देवनागरीत शेजारी द्यावे, म्हणजे विद्यार्थ्याला पडद्यावरचे बटण सापडेल.

'अमूर्त' निःशंकपणे चालेल. कलाविषयक लेखनात 'अप्रतिरूप' आणि 'केवलाकारी' असेही शब्द आढळतात, आणि वासुदेव गायतोंडे यांच्यासारख्या चित्रकाराविषयी लिहिताना त्यांतला भेद महत्त्वाचा ठरतो, कारण त्यांना आपल्या चित्रांसाठी 'ॲब्स्ट्रॅक्ट' हा शब्द मान्य नव्हता. ते त्यांना 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह', म्हणजे कोणत्याही वस्तूचे चित्रण नसलेली, म्हणत. मुखपृष्ठाच्या पार्श्वभूमीसाठी एवढ्या बारकाव्याची गरज नाही.

दुसरा प्रतिसाद : 'प्रभा' पटले. तरीही 'खळे' या अस्सल मराठी शब्दाचा विचार व्हावा असे वाटते. चंद्राला खळे पडले की पाऊस येणार, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या म्हणतात आणि तो शब्द प्रत्येकाला कळतो.

उत्तर : शब्द सुंदर आहे आणि तो टिकायला हवा, परंतु तो वेगळ्या आकृतीचा आहे. चंद्राभोवतीचे खळे उंचावरच्या ढगांतील बर्फाच्या स्फटिकांमुळे साधारण २२ अंशांच्या अंतरावर दिसते. चंद्र आणि कडे यांच्यामध्ये गडद जागा राहते. प्रभेत अशी फट नसते. म्हणून एखाद्या रचनेत उजळ ठिपक्याभोवती सुटे कडे काढले असेल, तर तेथे 'खळे' हाच शब्द मी आग्रहाने वापरीन. 'वलय' शब्दालाही हाच न्याय लावावा.

प्रश्नकर्त्याचा पुढचा प्रश्न : मिश्रणरीतींसाठी सरसकट 'मिसळणे' हे क्रियापद पुरेल का? तसेच रंगाच्या उतारात पायऱ्यांसारख्या दिसणाऱ्या कडांना काय म्हणावे?

उत्तर : सरसकट पुरणार नाही. ५० टक्के उजळपणाचे दोन थर 'स्क्रीन'ने एकत्र केले तर ७५ टक्के उजळपणा मिळतो. तेच 'लिनिअर डॉज' या दुसऱ्या मिश्रणरीतीने केले तर १०० टक्के, म्हणजे शुद्ध पांढरा. पहिल्या ठिकाणी थर 'मिसळतात' म्हणावे आणि दुसऱ्या ठिकाणी त्यांची 'बेरीज होते' म्हणावे, म्हणजे 'लिनिअर डॉज'ने प्रभा लवकर का करपते, म्हणजे पांढरीफटक का पडते, हे विद्यार्थ्याला क्रियापदावरूनच उमगेल. उतारातल्या कडांसाठी 'पट्टे पडणे' हा साधा प्रयोग उत्तम आहे. ८ बिटांच्या चित्रात प्रत्येक रंगवाहिनीला (लाल, हिरवा, निळा यांपैकी प्रत्येकाला) उजळपणाच्या २५६ पायऱ्याच मिळतात. गडद निळ्यापासून काळ्यापर्यंतचा लांब उतार त्यांतल्या मोजक्याच पायऱ्यांवर उतरतो आणि पायऱ्यांच्या कडा दिसू लागतात. १६ बिटांत काम करावे आणि शेवटी थोडा 'नॉइज' मिसळावा, असा उपाय आहे. या 'नॉइज'ला 'गोंगाट' म्हणू नये. 'दाणे' म्हणावे, म्हणजे 'उतारावर बारीक दाणे टाकले की पट्टे मोडतात' असे वाक्य टिपणात लिहिता येईल.