गणपत गल्ली देखणी की कॅम्प? शहराच्या मध्यभागाला गुण कसे द्यावेत?

टिळकवाडीकर (प्रश्न)
नमस्कार. बेळगावच्या मध्यभागाचे देखणेपण जोखावे म्हणून आम्ही चौघांनी गणपत गल्ली व खडेबाजार या बाजारपेठा आणि कॅम्प हा लष्करी छावणीचा भाग येथील छायाचित्रे काढून प्रत्येकाला दहापैकी गुण दिले. दर वेळी कॅम्पच पुढे गेला: रुंद रस्ते, जुनी झाडे, आवारात मागे सरकून बसलेले बंगले. सणाची खरेदी असो वा नुसता फेरफटका, आमचे पाय मात्र गणपत गल्लीकडेच वळतात. मग आम्ही सौंदर्य मोजले की निव्वळ मोकळेपणा?

शहापूरवासी
तुमच्या गुणांत दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या ‘प्लेस पल्स’ प्रयोगाच्या दुसऱ्या टप्प्यात ५६ शहरांतील रस्त्यांची छायाचित्रे जोडीने दाखवून सहा निरनिराळे प्रश्न विचारले गेले. कोणते ठिकाण अधिक सुंदर हा एक आणि कोणते अधिक गजबजलेले हा वेगळा. तुम्हीही तसेच करावे. सहा गुण आणि सात गुण यांतले अंतर प्रत्येकाच्या मनात वेगळे असते, पण दोन छायाचित्रे शेजारी ठेवली की डावे की उजवे एवढेच सांगायचे उरते. वेळही एकच हवी. कॅम्प रविवारी सकाळी आणि गणपत गल्ली दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी टिपली असेल, तर ती तुलनाच नव्हे.

निपाणीकर
मी रस्त्याची रुंदी आणि दुतर्फा इमारतींची उंची यांचे प्रमाणही नोंदवीन. अरुंद गल्लीत कौलारू एकमजली घरे असतात तेव्हा डोळ्याला आडोसा मिळतो आणि आकाशही दिसते. त्याच जागी चार मजले चढले की गल्लीचा बोळ होतो. कॅम्पात घरे रस्त्यापासून दूर असल्याने हा आडोसा झाडेच देतात. छायाचित्रातील झाडांवर कागद ठेवून पुन्हा गुण द्या, म्हणजे त्या गुणांत झाडांचा वाटा किती हे कळेल.

खडेबाजारातील दुकानदार
पाट्यांना गुण देताना कृपया लिपी पाहू नका. आपल्या भागात पाटीचा विषय निघाला की मराठी की कानडी यावरच बोलणे येते (मीही त्यात मागे नसतो), परंतु डोळ्याला खुपतो तो तिचा आकार, वरच्या मजल्याच्या खिडक्या झाकणारा फ्लेक्स आणि मधून लोंबणाऱ्या तारा. शेजाऱ्याने पाटी वाढवली म्हणून गेल्या वर्षी मीही वाढवली. आता रस्त्यावरून दोघांचीही नीट वाचता येत नाही.

टिळकवाडीकर
सर्वांचे आभार. कागद ठेवून पाहिले. कॅम्पमधील एक रस्ता आम्हा चौघांपैकी तिघांना ओळखताच आला नाही. आता पाट्या झाकून गणपत गल्ली पाहणार आहोत.