पहिला पाइप कोणता घ्यावा? स्वस्त ब्रायरच्या नादी लागू नका

सावकाश (धागाकर्ता)

नव्याने पाइप ओढू पाहणाऱ्याने सल्ला मागितला की उत्तर ठरलेलं असतं: ‘घ्यायचा तर ब्रायरचाच घे, बाकी सगळी खेळणी.’ मला हे पटत नाही. हात आखडता असेल तर पहिला पाइप मक्याच्या कणसाचा घ्यावा, ज्याला सगळे कॉब म्हणतात तो. आणि अगदी स्वस्तातला नवाकोरा ब्रायर तर घेऊच नये.

ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठी उगवणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या बुडाशी येणारी गाठ. ती खणून काढायची, ठोकळे कापायचे, उकळायचे, महिनोन्महिने सुकवायचे. एवढं करूनही लाकडात खड्डे, भेगा, मुरलेली वाळू निघतेच. निर्दोष ठोकळे मोजकेच असतात आणि ते महागड्या पाइपांना जातात. उरल्यासुरल्याचे खड्डे लांबी (पुट्टी) भरून बुजवतात, वर गडद रंग आणि जाड व्हार्निश चढवतात. दुकानात पाइप चकाकतो, चार वेळा तापला की बुजवलेले डाग उठून दिसतात, कधी व्हार्निशला फोड येतात.

कॉबमध्ये लपवाछपवीला जागाच नाही. दाणे काढलेलं वाळकं कणीस घ्यायचं, मधला गाभा कोरायचा, बाहेरून प्लास्टर ऑफ पॅरिसचा हात द्यायचा, लाकडी दांडी बसवायची. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात वॉशिंग्टन नावाच्या गावी हेन्री टिबी या डच कातारकाम करणाऱ्याने १८६९ मध्ये हा धंदा सुरू केला आणि १८७८ मध्ये प्लास्टरच्या युक्तीचं पेटंट घेतलं. मिसुरी मीरशॉम या नावाने ती कंपनी त्याच गावात अजून कॉब बनवते.

नवशिका काय करतो ते बघा. तंबाखू ठासून भरतो, ती विझते म्हणून पुन्हा पुन्हा काडी लावतो, मग विझू नये म्हणून भकाभका ओढतो. पाइप हातात धरवत नाही इतका तापतो, जीभ पोळते. हे शिकताना जळायचंच असेल तर कणीस जळू दे. शिवाय ब्रायरच्या भांड्यात, म्हणजे तंबाखू भरायच्या जागेत, आतून कोळशाचा थर बसेपर्यंत जपून ओढावं लागतं. कॉबला ती भानगड नाही, पहिल्या दिवसापासून तो तयार असतो.

ब्रायरभक्त

कडाडून असहमत.

कॉबच्या भांड्यात डोकावून बघा. लाकडी दांडीचं टोक थेट आत शिरलेलं दिसेल. सुरुवातीला तेच टोक जळतं, आणि नवशिक्याला वाटतं की तंबाखूची चवच अशी करपट असते. मुखनळी साध्या प्लॅस्टिकची, जरा दाताखाली धरली की चावे उमटतात. पहिली ओळखच अशी झाल्यावर माणूस दुसरा पाइप कशाला घेईल?

दुसरं म्हणजे तुम्ही तुलनाच सोयीची निवडलीत. सगळ्यात भिकार ब्रायर घ्यायचा आणि त्याच्याशेजारी उत्तम कॉब ठेवायचा! थोडे पैसे साठवून मधल्या फळीतला, ओबडधोबड पोताचा किंवा वाळूचा मारा केलेला ब्रायर घ्या की. गुळगुळीत पाइपाला निर्दोष लाकूड लागतं म्हणून तो महाग. पोत काढताना वरवरचे खड्डे निघून जातात, म्हणून तेच भांडं स्वस्त पडतं. ओढताना काडीचा फरक नाही, उलट खडबडीत असल्यामुळे हाताला चटका कमी बसतो. असा पाइप नीट ठेवला तर जन्मभर जातो.

अमेरिकन जनरल मॅकआर्थरच्या तोंडात कॉब होता हे कुणीतरी सांगेलच, म्हणून आधीच लिहून ठेवतो. त्याचा तो फोटोसाठीचा थाट होता.

सावकाश

थाट असेल, पण ओढत होताच ना? :)

दांडी जळण्याचा मुद्दा खरा आहे. पहिले काही दिवस तळाची चिमूटभर तंबाखू न जाळता टाकून द्यायची. टोकावर कोळसा धरला की करपट चव जाते. काही मोठ्या कॉबच्या तळाला लाकडी बूच असतं, ते जास्त टिकतात. आणि ‘थोडे पैसे साठवून’ या सल्ल्याने विषयच बदलतो. प्रश्न स्वस्त पाइपाचा आहे.

कातारी

दोघेही लाकडावरून भांडताय. मी लेथवर काम करतो, मला त्यात फारसा रस नाही. पाइप चांगला की वाईट हे लाकडापेक्षा त्यातल्या भोकावर ठरतं.

पाइप म्हणजे दोन भोकं: एक वरून खाली, भांड्याचं, आणि दुसरं दांडीतून आडवं, धूर ओढायचं. आडवं भोक भांड्याच्या अगदी तळाला आणि बरोबर मध्यावर उघडायला हवं. ते वर उघडलं तर खालची तंबाखू कधीच नीट जळत नाही, ओली राहते आणि आंबट वास मारते. एका बाजूला सरकलं तर जळणही एकाच बाजूने होतं.

घेण्याआधी एवढंच करा. पाइप उजेडाकडे धरून भांड्यात बघा, भोक कुठे आहे ते लगेच कळतं. मग मुखनळीच्या टोकातून पाइप क्लीनर (सूत गुंडाळलेली बारीक तार) आत सोडा. तो न अडकता, न रेटता भांड्याच्या तळातून बाहेर आला पाहिजे. वाकड्या पाइपात बाकापाशी तो अनेकदा अडतो आणि स्वस्त मालात तर तिथेच घोटाळा असतो. क्लीनर जात नसेल तर ओढता ओढता साचलेलं पाणी टिपता येणार नाही आणि पाइप गुडगुड करत राहील.

आता मुखनळी काढा. तिचं टोक दांडीतल्या खाचेच्या तळाला जवळजवळ टेकायला हवं. मध्ये पोकळी राहिली की धूर तिथे फुगतो, थंड होतो, वाफेचं पाणी होतं. ‘माझा पाइप गुडगुडतो’ या तक्रारींत तंबाखूच्या ओलसरपणाच्या खालोखाल हीच पोकळी निघते. शेवटी पाइप रिकामा असतानाच हवा ओढून बघा. सहज यावी. शिट्टी वाजली तर भोक अरुंद आहे किंवा कुठेतरी अडथळा आहे.

या परीक्षेत पास झालेला लांबी भरलेला ब्रायर मी बिनदिक्कत घेईन. नापास झालेला निर्दोष ब्रायर फुकट दिला तरी नको. कॉबच्या बाजूने एक सांगतो: त्यात भोकं सरळ आणि मोठी असतात, म्हणून तो बहुतेक वेळा पास होतो. मक्याची जादू वगैरे काही नाही.

शंकासुर

छान चर्चा. तीन बाळबोध शंका. सरळ घ्यावा की वाकडा? भांडं केवढं असावं? आणि फिल्टर लागतो का?

ब्रायरभक्त

@शंकासुर, सरळ. कातारींनी कारण दिलंच आहे. वाकडा दातात धरायला हलका वाटतो, पण नवशिक्याने पाइप हातात धरावा हे उत्तम. किती तापला ते हाताला आधी कळतं.

भांडं आतून साधारण १८ ते २० मिलिमीटर रुंद असलं की पुरे. फार मोठं घेऊ नका. सुरुवातीला शेवटपर्यंत ओढणं जमत नाही आणि अर्धवट सोडलेली ओली तंबाखू पाइपाचा वास बिघडवते. वजन पाहा, जड पाइपाने जबडा दुखतो.

जुनाबाजार

वापरलेल्या पाइपाचं नाव कुणीच का काढत नाही? स्वस्तात खरा ब्रायर हवा असेल तर हाच रस्ता. केवूडी, डॉक्टर ग्रेबो असले जुने अमेरिकन पाइप किंवा डब्लिनच्या पीटरसनचे जुने तुकडे नव्या स्वस्त पाइपांना सहज मागे टाकतात. लाकूड कधीच सुकलेलं, आत कोळशाचा थर बसलेला, लांबी असलीच तर तिचा निकाल लागून गेलेला.

बघायचं ते एवढंच: भांड्याच्या भिंतीत भेग नको, आतून कुठे लाकूड जळून खड्डा पडलेला नको, दांडी चिरलेली नको, मुखनळी खाचेत घट्ट बसायला हवी. बाकी सगळं सुधारता येतं. काळी एबोनाइटची (कडक रबराची) मुखनळी उजेडाने हिरवट-पिवळट पडते आणि तिला गंधकाचा वास मारतो. ते बघून घाबरू नका. बारीक पॉलिश कागद ओला करून घासा, मग पॉलिश मारा, परत काळीभोर होते. अॅक्रिलिकची मुखनळी रंग सोडत नाही, पण दाताला कडक लागते.

शंकासुर

दुसऱ्याचा उष्टा पाइप तोंडात घालायचा? अहो, नको.

जुनाबाजार

@शंकासुर, हॉटेलातला चमचा उष्टा नसतो का? आतला जाड कोळसा खरवडून १ मिलिमीटरच्या आसपास ठेवायचा. भांड्यात मीठ भरून त्यावर तीव्र अल्कोहोल सोडायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी मीठ तपकिरी झालेलं दिसतं, जुना वास बराचसा त्यात उतरतो. मुखनळीतून अल्कोहोलमध्ये बुडवलेले क्लीनर पांढरे बाहेर येईपर्यंत फिरवायचे. मात्र अॅक्रिलिकला अल्कोहोल लावू नका, तिला तडे जाऊ शकतात. तिला साबणाचं पाणी पुरतं.

सावकाश

@जुनाबाजार, तुम्ही जाणकार आहात म्हणून हे सोपं वाटतं. ज्याने पाइप कधी हातात धरला नाही त्याला कोळसा कुठे संपतो आणि जळकं लाकूड कुठे सुरू होतं हे कसं कळणार? त्यात हल्ली व्यवहार फोटो बघून होतात. फोटोत क्लीनर घालून बघता येत नाही.

वाटसरू

मधला मार्ग: फाल्कन. धातूची दांडी, वरचं भांडं आट्यांवर फिरवून काढता येतं. १९३६ पासूनची रचना आहे. भांडं बिघडलं तर तेवढंच बदला. तळाची वाटी उघडून पुसता येते, गुडगुड नाही. दिसायला नळकामातला वाटतो एवढंच.

ब्रायरभक्त

एवढंच?? :)

पांढरा_डगला

सगळे भोक, पोकळी, पोत यावर बोलताय, म्हणून हे कुणीतरी लिहायला हवं. सगळ्यात स्वस्त पाइप म्हणजे न घेतलेला.

‘पाइपचा धूर छातीत घेत नाहीत, म्हणून तो निरुपद्रवी’ हा समज दुकानदारांना फार सोयीचा आहे. पाइपचा धूर सिगारेटच्या धुरापेक्षा अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जातं. सवय लागायला छातीची गरज पडत नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या १९६४ च्या अहवालाने पाइप आणि ओठाचा कर्करोग यांचा कार्यकारण संबंध मान्य केला होता. तोंड, घसा, अन्ननलिका, फुप्फुस, सगळीकडे धोका वाढतो. फिल्टरने किंवा महाग लाकडाने त्यात काही बदलत नाही. शंकासुर, तुम्ही अजून घेतलेला नाही, म्हणून तुम्हालाच लिहितोय.

कातारी

@पांढरा_डगला, खोडण्यासारखं यात काही नाही. फक्त धागा कोणता घ्यावा याचा आहे, घ्यावा का याचा नाही.

पांढरा_डगला

घ्यावा का हे न विचारता कोणता ते ठरवायचं, इथेच तर माझा वाद आहे. नवशिक्यासाठी म्हणून धागा काढलात की तो प्रश्न आपोआप आत येतो.

सावकाश

मान्य, आणि म्हणूनच प्रतिसाद राहू दे. ज्याचं ठरलेलं नाही त्याने हा आधी वाचावा. ज्याचं ठरलंय त्याच्यासाठी मी अजून कॉबवर ठाम आहे, आणि त्यात तुमच्या बाजूचंही थोडं आहे: आवडलं नाही तर कॉब टाकून देताना जीव तुटत नाही. पैसे साठवून घेतलेला ब्रायर ‘वसूल करायला’ माणूस ओढत राहतो.

ब्रायरभक्त

हा मुद्दा मात्र बिनतोड आहे. तरी करपट चवीचं काय ते राहिलंच.

शंकासुर

फिल्टरचं कुणीच सांगितलं नाही.

कातारी

@शंकासुर, राहून गेलं. पाइप कोणत्या मापाचा आहे ते आधी बघा. ९ मिलिमीटर फिल्टरसाठी कोरलेल्या पाइपात कोळशाचा फिल्टर बसतो. तो बराच ओलावा शोषतो, थोडी चवही शोषतो. असा पाइप फिल्टरशिवाय तसाच ओढला तर मुखनळीच्या तोंडाशी मोठी पोकळी उरते, म्हणजे मी वर म्हटलेली गुडगुड विकत घेतली. फिल्टर नको असेल तर त्याच मापाची अडॅप्टर नळी मिळते, ती घाला. ६ मिलिमीटरमध्ये कागदी फिल्टर येतात, साव्हिनेलीच्या पाइपांत बाल्साच्या लाकडाचा त्रिकोणी तुकडा येतो. बहुतेक कॉबमध्ये ६ चाच कागदी असतो, तो काढून ओढला तरी चालतं. आणि कुठलाही घ्या, गरम असताना मुखनळी उपसू नका. टोक खाचेत घट्ट अडकलेलं असतं, दांडी चिरते नाहीतर टोक मोडून आत राहतं. दुरुस्तीला माझ्याकडे येतात त्यातले निम्मे पाइप असेच मोडलेले असतात.