मदत हवी आहे: मिडी फाईल आत घेतली की कॉर्ड सरकतात

पेटीवाला_नाशिक
गाण्याला आपोआप साथ करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मिडी फाईल (कीबोर्डवर काय वाजवलं त्याची नोंद) आत घेतली, पण कॉर्ड (साथीला एकत्र वाजणारे सूर) भलतीकडेच पडतात. पहिले चार सूर जुळतात, अंतऱ्याला पोचेपर्यंत ठेका एकीकडे नि चाल दुसरीकडे. तीन रात्री गेल्या. शनिवारी बाबांच्या पंच्याहत्तरीला आत्या गाणार आहे, साथीला कोणी नाही. कुठलं सेटिंग बदलू तेवढं सांगा.

तिहाई
सॉफ्टवेअर कुठलं? फाईल कुठून आणली? ताल कोणता?

पेटीवाला_नाशिक
बँड-इन-अ-बॉक्स. फाईल मीच केली, कीबोर्डवर वाजवून. जुनं भावगीत आहे.

सूर_साताऱ्याचा
अरेंजर कीबोर्ड घ्या. डाव्या हाताने कॉर्ड धरायचा, ठेका आपोआप मागे येतो. मी बारा वर्षं असेच कार्यक्रम करतोय.

तिहाई
शनिवारच्या आत कीबोर्डही घ्यायचा आणि डावा हातही बसवायचा?

सूर_साताऱ्याचा
तीन कॉर्ड आले की पुष्कळ भावगीतं निघतात हो.

षड्ज
निघतात, पण रागावर बांधलेल्या चालीत तीन कॉर्ड कोंबले की चालीचा जीव जातो. तानपुरा आणि तबला लावा, कॉर्ड हवेत कशाला?

मृदुला_के
एमपी३ची मिडी करताना आधी गायकाचा आवाज वेगळा काढून घ्या, मगच सूर नीट ओळखले जातात.

पेटीवाला_नाशिक
ताई, माझ्याकडे एमपी३ नाहीच. ताल दादरा आहे.

तिहाई
वाजवताना मेट्रोनोम (टिकटिक करून लय दाखवणारं यंत्र) लावला होता?

पेटीवाला_नाशिक
नाही. मनातल्या लयीत वाजवलं.

कळफलक
मग तिथेच आहे सगळं. मिडीत आवाज नसतो. कुठला सूर, किती जोरात, कधी दाबला, कधी सोडला, एवढंच असतं. लय आणि ताल लिहिलेला नसेल तर मिनिटाला १२० मात्रा आणि ४/४, म्हणजे चार-चार मात्रांचे बार (तालाचे खंड) धरायचा संकेत आहे. तुम्ही सहा मात्रांचा दादरा आपल्या लयीत, मध्येमध्ये थांबत वाजवला. बारच्या रेघा समेवर येणार कशा?

ही फाईल बाजूला ठेवा. आधी ३/४ची स्टाईल (तयार ठेका) निवडा, दोन बार म्हणजे दादऱ्याचं एक आवर्तन. कॉर्ड हाताने लिहा. एकेरी चालीवरून प्रोग्रॅमला ओळखायला लावू नका. एकट्या सी सुराला सी मेजर, एफ मेजर, ए मायनर तिन्ही चालतात. मग कीबोर्ड जोडून चाल तिथेच रेकॉर्ड करा. सुरुवातीला दोन बार मोजून मिळतात.

सूर_साताऱ्याचा
मेट्रोनोमच्या क्लिकवर वाजवलेलं भावगीत कवायतीसारखं होतं.

कळफलक
क्लिक नको, ठेकाच चालू ठेवून वाजवा. आणि नंतर क्वांटाइझ करू नका, म्हणजे प्रत्येक सूर नेमक्या मात्रेवर ओढून बसवू नका. किंचित मागे राहिलेला सूर तसाच राहू दे, गाण्याची ओढ त्यातच असते.

षड्ज
हे मात्र पटलं.

पेटीवाला_नाशिक
मुखडा आणि पहिला अंतरा जुळला! दोनदा सम चुकली, तिसऱ्यांदा बसली. कळफलकदादा, मनापासून आभार. पण आत्ता आत्याला फोन केला, तिची पट्टी काळी चार. मी पांढरी एकला वाजवलंय. परत वाजवू का?

तिहाई
नको. प्रोग्रॅममध्ये की (पट्टी) बदलताना ट्रान्सपोज निवडा, चाल आणि कॉर्ड दोन्ही बरोबर सरकतील. चार सेमीटोन (अर्धस्वर) खाली न्या. आणि शुक्रवारी एकदा आत्यांना गाऊन बघू दे.