भूमध्य समुद्रातल्या बेटांवरचे व्हिला: कितीला पडला आणि का? (अनुभव धागा)

निशिगंधा (धागालेखिका)

‘क्रीटला घर घ्यावं की हॉटेल’ हा प्रश्न दर उन्हाळ्यात गप्पांच्या पानावर येतो, चार उत्तरं पडतात आणि पान वाहून जातं. म्हणून हा वेगळा धागा. ग्रीस, स्पेन, इटली, माल्टा, सायप्रस, कुठल्याही बेटावर ज्यांनी आठवड्यासाठी अख्खं घर घेतलंय त्यांनी लिहा. पाणी निळं होतं हे फोटोत दिसतंच. दर कशाने चढला, कशाने उतरला, ते सांगा.

सुरुवात माझ्यापासून. आम्ही लेस्टरला राहतो. दोन कुटुंबं, चार पोरं, सोबत माझे सासू-सासरे. क्रीटच्या पश्चिमेला, हानियाजवळ आपोकोरोनास भागात घर बघत होतो. त्या टेकड्यांवरच्या जुन्या गावांत पोहण्याचा तलाव असलेली घरं पुष्कळ आहेत. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याला ४,२०० युरो सांगणारं घर ऑक्टोबरच्या शेवटी १,९०० ला होतं. घर तेच, चादरीसुद्धा त्याच. फरक इंग्लंडच्या शाळांचा. जुलैच्या उत्तरार्धात बहुतेक शाळा एकदम सुटतात आणि सगळे आईबाप एकाच वेळी विमानाची तिकिटं बघायला बसतात.

शाळा बुडवून जून गाठणारेही आहेत. २०२४ पासून इंग्लंडमध्ये त्याचा दंड दर मुलामागे, दर पालकामागे ८० पौंड झालाय, तरी तो भरून सहल स्वस्त पडते असा हिशोब मांडणारे ओळखीत आहेत. मी स्वतःच शाळेत शिकवते, त्यामुळे ती वाट बंद. आम्ही ऑक्टोबरच्या हाफ टर्मला, म्हणजे सत्राच्या मधल्या सुट्टीत गेलो. समुद्र छान कोमट होता. तलाव मात्र रात्रीच्या गारव्याने थंडगार, आणि तो तापवायचे पैसे दिवसागणिक वेगळे. सासरे म्हणाले, समुद्र फुकट तापलाय, तिकडेच चला. गेलो.

दरात न दिसणारी एक रक्कम सांगून ठेवते. ग्रीसमध्ये हवामान संकटाच्या नावाने कर आहे, तो बहुतेकदा पोचल्यावर भरायचा. ८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या स्वतंत्र घराला २०२५ पासून एप्रिल ते ऑक्टोबर दिवसाला १५ युरो. आधी १० होते. हा कर घरामागे आहे, डोक्यामागे नाही. आठवड्याचे १०५ युरो आमच्या घोळक्यात विरघळले, जोडप्याला ते नक्की टोचतील.

शंतनू_म्युनिक

स्पेनच्या मायोर्काचं लिहितो. तिथे कर बरोबर उलटा, माणशी. भाड्याच्या घरात मोसमात माणशी रात्रीला २ युरो, वर १० टक्के व्हॅट. १६ वर्षांखालच्यांना माफ, नवव्या दिवसापासून निम्मा, नोव्हेंबर ते एप्रिल पाव. सहा मोठी माणसं सात रात्री म्हणजे ९२ युरो ४० सेंट. ग्रीसमध्ये माणसं वाढवा, इथे पोरं वाढवा. :)

पण मायोर्काचा दर करामुळे चढलेला नाही. परवान्यामुळे चढलाय. सुट्टीसाठी घर भाड्याने द्यायला परवाना लागतो, जाहिरातीत ‘ईटीव्ही’ आणि पुढे आकडा दिसतो तो हाच. पाल्मा शहराने २०१८ मध्ये फ्लॅट पर्यटकांना द्यायलाच बंदी केली. २०२२ पासून पूर्ण बालेआरिक बेटांवर (मायोर्का त्यातलंच) नव्या पर्यटक खाटांना स्थगिती. घरं तेवढीच, आणि जर्मनीतल्या बहुतेक मोठ्या विमानतळांवरून पाल्माला थेट विमानं. मग काय होणार! स्थानिक लोक घरभाड्यावरून मोर्चे काढतात ते उगाच नाही. पाल्मातल्या वेटरला त्याच शहरात खोली परवडत नाही.

आम्हा बायर्नवाल्यांची (म्युनिकचं राज्य) आणखी एक गंमत. जर्मनीत राज्याराज्यांच्या सुट्ट्या पुढेमागे असतात. आमची उन्हाळी सुट्टी सगळ्यांत उशिरा, ऑगस्टच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. त्यामुळे सप्टेंबरचा पहिला पंधरवडा आम्हाला चक्क वैध मार्गाने मिळतो. तोवर इंग्रज परत गेलेले, उत्तर जर्मनीवाले परत गेलेले. आम्ही त्याच वेळी जातो.

किनाऱ्याचा हट्ट सोडला की दर आणखी खाली येतो. आम्ही सिनेउजवळ शेतातलं दगडी घर घेतलं, तिकडे त्याला फिंका म्हणतात. बदामाची झाडं, विहीर, शेजारच्याच्या मेंढ्या. बुधवारी सिनेउचा आठवडी बाजार भरतो, तिथे ढीगभर वांगी आणि टोमॅटो मिळाले. बाजार बघून बायको म्हणाली, इथे भरीत होणार. झालं. समुद्र गाडीने अर्ध्या तासावर, आणि बेटाचा आकार असा की मध्यावर राहिलं तर उत्तर-दक्षिण दोन्ही किनारे सारखेच पडतात.

कैरी

दोघांसाठी व्हिला परवडतो का?

शंतनू_म्युनिक

नाही. स्वच्छतेचे पैसे, अनामत, गाडी हे सगळं दोघांना तेवढंच पडतं जेवढं आठांना. दोघं असाल तर गावातली स्वयंपाकघर असलेली खोली बघा.

रांगडा_मिलानोत

राम राम मंडळी. मूळ गाव कागल, सध्या मिलान.

इटलीत १५ ऑगस्ट म्हणजे फेर्रागोस्तो. आख्खा देश त्या आठवड्यात समुद्राकडं पळतो. कारखाने बंद, ऑफिसं बंद, आमच्या गल्लीतला न्हावीसुद्धा दुकानाला कुलूप लावून सार्डिनियाला. त्या दिवसांत घर शनिवार ते शनिवारच मिळतं. चार दिवसांचं बोलायचंच नाही.

सार्डिनियात समुद्राला चिकटून असलेलं घर एवढं महाग का, ते घरमालकाने समजावून सांगितलं. २००४ मध्ये तिथल्या प्रादेशिक सरकारने किनाऱ्यापासून दोन किलोमीटरच्या पट्ट्यात नवी बांधकामं थांबवली, आणि २००६ च्या आराखड्यानेही ती कडकाई पुढं चालू ठेवली. त्यामुळं पुढच्या रांगेतली जी घरं आहेत ती जुनीच. नवा भिडू येणार नाही, मालक निवांत. वर ईशान्येला कॉस्टा स्मेराल्डा, १९६२ मध्ये आगा खानांनी वसवायला घेतलेली. तिथली किंमत म्हणजे घराची कमी आणि बंदरातल्या यॉटींची जास्त. आपण तिकडं फक्त एक कॉफी प्यायलो आणि बिल बघून उठलो.

आम्ही गेलो जूनमध्ये, पश्चिम किनाऱ्याला बोसाच्या बाजूला. लिव्होर्नोहून रात्रीच्या जहाजात गाडी चढवली, सकाळी ओल्बिया. ऑगस्टमध्ये याच जहाजाचं गाडीसकट भाडं बघाल तर घराचं भाडं स्वस्त वाटंल. स्वतःची गाडी नेली की डिकीत कुकर, तांदूळ, कांदा-लसूण मसाला, सगळं येतं. विमानात हे कोण नेऊ देतंय?

स्टिन्टिनोचा ला पेलोझा किनारा बघायचा असला तर आधी आरक्षण करा. मोसमात दिवसाला १,५०० माणसंच सोडतात, माणशी साडेतीन युरो. ‘बीचपासून पाच मिनिटं’ अशी जाहिरात बघून जादा पैसे देणारे लोक हे विसरतात. घर जवळ असलं म्हणून वाळूवर जागा राखीव नसते.

डोंबिवली_ते_दुबई

आखातातल्यांसाठी वेगळाच हिशोब आहे. आमची मोठी सुट्टी ईदची, आणि ईद दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२५ मध्ये रमजान ईद मार्चअखेर आली, २०२६ मध्ये मार्चच्या विशीत. म्हणजे युरोपातल्या ईस्टरच्या गर्दीआधीच. आम्हाला लागून सुट्टी आणि तिकडे मोसम सुरू झालेला नाही! पुढची काही वर्षं हे जमून जाईल.

आम्ही माल्टाजवळचं गोझो निवडलं. तिथली जुनी चुनखडी दगडाची शेतघरं दुरुस्त करून भाड्याने देतात. जाड भिंती, कमानी, मधल्या अंगणात छोटा तलाव. मार्चमध्ये त्यात पाय घालवत नाही हे खरं. पण दर उन्हाळ्याच्या अर्ध्याहून कमी होता. माल्टात गाड्या डावीकडून चालतात, त्यामुळे बाबांनाही स्टिअरिंग हातात घ्यावंसं वाटलं. माल्टाहून गोझोला गाडीच्या फेरीत चढताना पैसे घेत नाहीत, परतताना घेतात. मराठी माणसाला हे फार आवडतं.

विजेचं मात्र आधी विचारा. आमच्या घरात ठरावीक युनिट भाड्यात होते, पुढचं मीटर वाचून. मार्चच्या गारठ्यात हीटर चालला आणि ते युनिट कधीच संपले. जाड दगडी भिंती उन्हाळ्यात वरदान, थंडीत त्याच गार पडून राहतात.

वऱ्हाडी_मिरची

सिसिली, २०२४. त्या वर्षी तिकडे मोठा दुष्काळ होता, अग्रिजेंतोच्या बाजूला नळाला पाणी पाळीपाळीने. आम्ही घेतलेल्या घरात टाकी होती, पण आम्ही सात जण. चौथ्या दिवशी टँकर मागवावा लागला. अंगणात टँकर, पाइप खिडकीतून आत, आणि आई अगदी घरच्यासारखी त्या ड्रायव्हरला हातवारे करून सांगतेय की आधी वरची टाकी भर. त्यालाही कळलं!

टँकरचे पैसे कोणी द्यायचे यावर मालकाशी थोडी हुज्जत झाली, शेवटी निम्मे निम्मे. त्या भागात स्वतःची विहीर किंवा मोठी टाकी असलेलं घर महाग दिसतं त्याला कारण आहे. तलावाचा फोटो सगळेच लावतात, टाकी किती लिटरची ते कोणी लिहीत नाही. विचारून घ्या.

सदाशिव_आजोबा

आम्ही पुण्याहून गेलो होतो, मुलगा-सून आयर्लंडहून. भारतीय पासपोर्टवाल्यांच्या एका खर्चाबद्दल इथे कोणी लिहिले नाही. शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, ते एक. खरा खर्च वेगळा. व्हिसा हाती येईपर्यंत पैसे परत न मिळणारे घर घेणे धाडसाचे असते. स्वस्त दर नेमके त्याच घरांचे. रद्द करता येणारे घर घ्यावे तर रात्रीचा दर जास्त. जानेवारीत लवकर बुकिंग करणाऱ्यांची सवलत युरोपातले लोक घेऊन जातात आणि आपण अपॉइंटमेंटची तारीख शोधत बसतो. मुलाने युक्ती केली: त्याने थेट मालकाला लिहिले की अमुक तारखेपर्यंत व्हिसा नाकारला तर आगाऊ रक्कम परत, तसे ईमेलवर कबूल असेल तर आजच भरतो. मालक तयार झाला. माणसाशी बोलल्याने होते, संकेतस्थळाच्या बटणाने होत नाही.

सँटोरिनी आम्ही टाळले. ज्वालामुखीच्या कड्यावरच्या घरांना त्या दृश्याचे पैसे पडतात आणि प्रत्येक घराला पायऱ्याच पायऱ्या. माझे गुडघे आणि तो दर, दोन्हीचे उत्तर नॅक्सोस निघाले. सपाट रस्ता, वाळूचा किनारा, बटाटे उत्तम (नॅक्सोसचे बटाटे ग्रीसभर नावाजलेले आहेत). एकच सांगतो, जुलै-ऑगस्टमध्ये त्या बेटांवर मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. उत्तरेकडे तोंड असलेली गच्ची स्वस्तात मिळाली तर का मिळाली ते ओळखा. आमची वाळत घातलेली धोतरे शेजारच्या द्राक्षांच्या मळ्यात सापडली.

गाडी चालवणार असाल तर आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून न्या. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर घराआधी ती राखून ठेवा, बेटांवर त्या थोड्या असतात आणि भाडे बरेच जास्त.

खवचट_खारूताई

कॉर्फूचा ईशान्य किनारा, कासिओपीच्या बाजूला, आठ जणांचा व्हिला, ऑगस्टमध्ये, शेजारच्या घरांच्या एक तृतीयांश दरात, अशी जाहिरात दिसली. ‘मालक’ अतिशय गोड बोलणारा, पैसे थेट बँकेत पाठवा म्हणाला. त्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या लंडनचे गडगंज लोक येतात, तिथे ऑगस्टमध्ये कोण दानधर्म करतंय? नोंदणी क्रमांक मागितला. ग्रीसमध्ये भाड्याच्या प्रत्येक घराला असा क्रमांक असतो आणि जाहिरातीत द्यावाच लागतो. इटलीतही २०२५ पासून राष्ट्रीय क्रमांक सक्तीचा आहे. क्रमांक मागितल्यावर गोड माणूस गप्प झाला, तो अजून गप्पच आहे.

अबोली_पाफोस

धागा वाचतेय केव्हाची. मी सायप्रसला पाफोसजवळ व्हिलांची व्यवस्था बघते: किल्ल्या देणं, सफाई, तलाववाला, रडारड. पलीकडची बाजूही येऊ दे.

आठवड्याचा दर बघून तुम्हाला वाटतं मालक मालामाल. पण मोसम वर्षाच्या साधारण निम्म्याचाच, आणि तलावाचा पंप, बाग, विमा, कर्जाचे हप्ते बारा महिने. त्यात बुकिंगच्या संकेतस्थळाचं कमिशन. वीज तर विचारू नका. सायप्रसचं वीजजाळं कुठल्याच देशाशी जोडलेलं नाही आणि बरीचशी वीज आयात तेलावर होते. तलाव तापवायचे जादा पैसे लावतात ते यामुळे.

सफाईचे पैसे एवढे का, हेही सारखं विचारतात. शनिवारी विमानं येतात, म्हणून शनिवारी सगळी घरं एकदम रिकामी होतात. सकाळी दहाला एक कुटुंब बाहेर, दुपारी चारला दुसरं आत, आणि गावात सफाईवाल्या बायका मोजक्या. त्या दिवशी त्या म्हणतील तो दर.

आता तुमच्या फायद्याचं. दोन बुकिंगांच्या मध्ये तीन-चार रात्रींची फट राहते. किमान सात रात्रींची अट असल्यामुळे ती संकेतस्थळावर कोणालाच दिसत नाही आणि रिकामीच जाते. मे आणि ऑक्टोबरमध्ये अशा फटी फार. तारखा सोडून विचारा: ‘या महिन्यात तुमच्याकडे अडकलेल्या रात्री कुठल्या?’ मालक दर खाली आणतो. ऑगस्टमध्ये हे विचारू नका, हसतील.

कैरी

अबोली ताई, आम्ही दोघंच आहोत. तीन रात्रीची फट आम्हाला चालेल का? तलाव तापवलेला लागतो पण.

अबोली_पाफोस

चालेल की. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा धर. तलाव तापवायला सुरुवात केल्यापासून पाणी कोमट व्हायला दीड-दोन दिवस जातात, आणि तीन रात्रींसाठी मालक ते करणार नाही. आधीच्या पाहुण्यांनी तापवून घेतलाय का तेवढं विचार, असेल तर लगेच घेऊन टाक.